फोर्कच्या पाइपवरचा पोचा घरी कसा काढायचा

मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कच्या चकचकीत पाइपवर खडा उडून मोहरीएवढा खड्डा पडतो आणि काही दिवसांत त्या बाजूचं, आतलं तेल अडवणारं सील गळायला लागतं. आपण सील बदलतो. थोड्याच दिवसांत नवं सीलही गळतं, आणि मग सीलच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. सीलचा यात काही दोष नसतो. जिथे खड्डा पडतो तिथला धातू बाजूला सरकून काठावर उचलला जातो, आणि तो काठ दर धक्क्याला सीलच्या रबरी ओठावरून कानशीसारखा फिरतो. म्हणून घरच्या दुरुस्तीतलं पहिलं काम खड्डा भरण्याचं नसतं, उचललेला काठ उतरवण्याचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि नसेल बसलं तर माणूस एपॉक्सी थापत बसतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. साध्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये प्रत्येक बाजूला दोन नळ्या असतात. आतली पोलादी, तिच्यावर हार्ड क्रोमचा थर. हिला मी इथे पाइप म्हणेन. बाहेरची ॲल्युमिनियमची, खाली चाकाला धरलेली, ती बॉटम. उलट्या फोर्कमध्ये रचना नावाप्रमाणेच उलटी असते: क्रोमचा पाइप खाली चाकाकडे, आणि ॲल्युमिनियमची रुंद नळी वर हँडलकडे. क्रोमचा थर कठीण असतो पण अगदीच पातळ, मिलिमीटरचे काही शतांश. पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी हा आकडा आठवायचा.

घाव कसला आहे ते बघा

पाइपवरचा खड्डा, वाकलेला पाइप आणि बाहेरच्या नळीला आलेला पोचा ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिलं घरी नक्की दुरुस्त होतं. तिसरं जमतं, पण वेळ खातं. दुसऱ्याच्या वाटेला घरी जायचं नाही.

वाक तपासायला चाक काढून पाइप क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडलखाली त्याला धरणाऱ्या दोन पकडींमध्ये, थोडा सैल करा आणि हाताने हळूहळू फिरवा. पाइप सरळ असेल तर खालचं टोक जागच्या जागी फिरतं, वाकलेला असेल तर हवेत गोल काढतं. पाइप पूर्ण सुटा केला असेल तर जाड काचेच्या सपाट तुकड्यावर तो लोळवा आणि डोळे काचेच्या पातळीला आणून पलीकडून उजेड बघा. फिरताना मधे उजेडाची फट उघडझाप करत असेल तर वाक आहे. फट किती ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, कळतं. व्ही-ब्लॉक (पाइप टेकवायचे खोबणीचे ठोकळे) आणि डायल गेज (काट्याचं मापयंत्र) मिळालं तर उत्तमच. फक्त एक लक्षात ठेवा, काटा जितका हलतो त्याच्या निम्मा खरा वाक असतो. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा 0.2 मिलिमीटर दिलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

पाइपला चुणी पडलेली असेल, भिंत आत दबलेली असेल, कुठे केसाएवढीही चीर दिसत असेल किंवा वाक मर्यादेबाहेर असेल, तर पाइप बदलायचा. तापवून, ठोकून, दोन झाडांच्या बेचक्यात अडकवून सरळ केलेल्या पाइपच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. त्या सांगणाऱ्याच्या गाडीवर मी मागेही बसणार नाही. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांवर उभं असतं, त्यातली एक ब्रेक मारताना दगा देईल की काय अशी शंका घेऊन गाडी चालवता येत नाही.

पाइप सरळ निघाला तर पुढचा प्रश्न: खड्डा नेमका कुठे आहे? पाइपवर डस्ट सीलला (मुख्य सीलबाहेर धूळ अडवणाऱ्या रबरी कडीला) टेकवून एक प्लॅस्टिकची केबल टाय बांधा, हलवली तर सरकेल इतपत घट्ट. गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवा, मोकळी जागा बघून एक-दोनदा जोरात ब्रेक लावा. साध्या फोर्कमध्ये टाय वर ढकलली जाते, उलट्यात खाली. सील कुठपर्यंत पोचतं ते कळलं. खड्डा त्या पट्ट्यात असेल किंवा जवळपास असेल तरच सीलला त्रास आहे. मोठ्या खड्ड्यात चाक गेलं तर सील नेहमीपेक्षा पुढे जातं, म्हणून थोडी जागा जास्तीची धरा. खड्डा वर दोन क्लॅम्पच्या मधे कुठेतरी असेल तर गंज पुसा, मेणाचा हात फिरवा आणि विसरून जा.

मग खोली. नख पाइपवरून आडवं-उभं ओढा. नखाला लागलं म्हणजे काहीतरी आहे, पण ते खड्ड्याचं तोंड आहे की उचललेला काठ, हे नख सांगत नाही. ते नायलॉनचा जुना मोजा सांगतो. मोजा बोटावर चढवून हलक्या हाताने जागेवरून फिरवा. नुसत्या गुळगुळीत खड्ड्यावरून तो सरकून जातो, काठ वर असेल तर धागा अडकतो. काम करताना हा मोजा जवळच ठेवा, दर दहा मिनिटांनी लागेल.

फोर्क खोलायचा की नाही

सील अजून गळत नसेल आणि खड्डा एखादाच असेल तर फोर्क गाडीवरच ठेवून काम होतं. डस्ट सीलच्या वर पाइपभोवती ओलसर फडकं गुंडाळा आणि त्याच्या कडा मास्किंग टेपने बंद करा. घासायच्या दगडाची आणि पेपरची पूड सीलच्या ओठात गेली तर तुम्ही जो आजार बरा करताय तोच पुन्हा होईल. डिस्क आणि ब्रेक पॅडही झाकून घ्या. त्यांना तेलाचा हात लागता कामा नये.

सील गळत असेल तर मात्र खोलायलाच हवं. पुढचं चाक अधांतरी राहील अशी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली भक्कम आधार द्या. एक धक्का देऊन गाडी डगमगत नाही ना ते बघा, मगच पाना उचला. वरच्या क्लॅम्पमधून पाइपचं टोक किती वर आलंय ते मोजून लिहून ठेवा. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, खालचा घट्टच राहू द्या, आणि याच अवस्थेत पाइपच्या टोपीचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करा. पाइप हातात आल्यावर ही टोपी सुटता सुटत नाही.

आता चाक, मडगार्ड, कॅलिपर. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅडच्या मधे लाकडाची पट्टी सरकवा, म्हणजे कोणी चुकून ब्रेक दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. खालचा क्लॅम्प सैल करून पाइप फिरवत फिरवत खाली ओढा.

साध्या फोर्कच्या तळाशी आत घुसलेला एक ॲलन बोल्ट असतो. तो स्प्रिंग आत असतानाच सैल करा, फोर्क दाबून धरून. स्प्रिंगचा दाब आतल्या डॅम्पर रॉडला, म्हणजे धक्का जिरवणाऱ्या दांड्याला, धरून ठेवतो. स्प्रिंग काढलीत की बोल्टबरोबर रॉडही गोल फिरत बसतो आणि तुम्हीही. मग टोपी काढा. शेवटचे आटे सुटताना स्प्रिंग ती उडवते, म्हणून चेहरा बाजूला, डोळ्यांवर चष्मा आणि तळहाताने टोपी दाबलेली. तेल ओता. डस्ट सील उचका, त्याखालचा तारेचा लॉक काढा, आणि पाइप धरून बॉटमबाहेर तीन-चार झटके द्या. सील बुशसकट, म्हणजे पाइप ज्यावर घसरतो त्या कडीसकट, बाहेर येतं. येईल त्या क्रमाने सगळं एका फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. उलट्या फोर्कमध्ये आत कार्ट्रिज, म्हणजे धक्का जिरवणारा बंद संच, असतं आणि त्याला वेगळी हत्यारं लागतात. ती नसतील तर खोलण्याचं काम वर्कशॉपकडून करून घ्या आणि पाइप घरी आणा.

पाइप व्हाइसमध्ये उघडा कधीच पकडायचा नाही. लाकडाचे दोन ठोकळे अर्धगोल खोबणी करून मधे घ्या, किंवा सरळ मांडीवर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून काम करा. मी मांडीवरच करतो.

काठ उतरवणं

हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा 220 नंबरचा पेपर बोटांखाली धरून खड्डा घासला होता. दिसायला छान झालं, सगळं चकचकीत. बोट मऊ असतं, ते खड्ड्यात दबतं आणि आजूबाजूचंही खातं, हे तेव्हा कळलं नव्हतं. खड्ड्याभोवती उथळ बशीसारखी खोलगट जागा तयार झाली आणि मधे क्रोम जाऊन खालचं पोलाद दिसायला लागलं. सील पूर्वी थेंब थेंब गळायचं, आता पाइपवरून ओघळ यायला लागला. तो पाइप मी पुढे बदलला.

तेव्हा मऊ काही नको. बारीक दाण्याचा, सपाट तोंडाचा ऑइल स्टोन घ्या, चाकूला धार लावतात तसा. खड्डा आणि त्याच्या भोवतीची बोटभर जागा पर्मनंट मार्करने काळी करा. दगडावर दोन थेंब तेल सोडा आणि तो पाइपवर टेकवून पाइपच्या गोलाईने फिरवा, अजिबात जोर न देता, दगडाच्या वजनाएवढाच दाब. चार-पाच हात मारा, पुसा आणि बघा. जिथली शाई गेली ती जागा उंच. पहिल्यांदा खड्ड्याच्या ओठाभोवती तुटक, चंद्रकोरीसारखी चमकती रेघ दिसेल. तोच तुमचा गुन्हेगार. पुन्हा शाई लावा, पुन्हा चार हात. रेघ रुंद होत होत शेजारच्या शाईलाही दगड चाटायला लागला की थांबा. त्या क्षणी काठ आणि पाइप एका पातळीला आलेले असतात. इथून पुढचा प्रत्येक हात चांगलं क्रोम खातो.

दगड गोलाईनेच फिरवायचा, उभा नाही. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला नाल्या. आडवे बारीक ओरखडे सील सांभाळून घेतं.

काठाशी क्रोमचा पापुद्रा सुटला असेल आणि नखाने हलत असेल तर तो ब्लेडच्या टोकाने काढून टाका. आज नाही तर उद्या तो निघणारच, आणि निघून सीलखाली अडकणार.

मोजा फिरवा. धागा अडकत नसेल आणि खड्डा टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, उथळ असेल तर माझ्या मते काम इथेच संपलं. उथळ खड्ड्यात एपॉक्सीला धरायला काही नसतं, ती खपली होऊन सुटते. सीलच्या ओठाला इवल्याशा गुळगुळीत खळीचं फारसं वावडं नसतं. फार तर पाइपवर तेलाचा पातळ थर दिसेल.

खोल खड्डा भरणं

नखाचं टोक आत बसेल इतका खड्डा मात्र भरावा. भरताना नव्वद टक्के मेहनत सफाईची. आत गंज असेल तर सुईच्या टोकाने खरवडून काढा, चकाकणारं पोलाद दिसेपर्यंत. आजूबाजूच्या क्रोमवर तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा येत नाही. संडास साफ करायचं ॲसिड वापरण्याचा सल्ला कोणी देईल. देऊ द्या. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर क्रोमही खातं.

मग ॲसिटोनने दोनदा पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटाचं तेलही एपॉक्सीला चालत नाही.

पोलादाची भुकटी मिसळलेला दोन नळ्यांचा एपॉक्सी घ्या, सावकाश वाळणारा, ज्यावर 24 तास लिहिलेलं असतं तो. पाच मिनिटांत बसणारा तितका कठीण होत नाही. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, पाइपभोवती टेपच्या पट्ट्या लावा. टाचणीने थोडा एपॉक्सी आत सोडा आणि हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. तो पातळ होतो, आत झिरपतो आणि हवेचा बुडबुडा वर येऊन फुटतो. बुडबुडा खाली राहिला तर घासताना नेमका तोच उघडा पडतो. वरून अजून एक थेंब ठेवा, पाइपच्या पातळीपेक्षा किंचित वर. उद्यापर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी नवं ब्लेड दोन्ही टेपवर टेकवून आडवं फिरवा. टेपच्या उंचीपर्यंतचा उंचवटा खरवडून निघतो. टेप काढा. आता 600 नंबरचा वॉटर पेपर स्टीलच्या छोट्या पट्टीभोवती घट्ट गुंडाळा, पाण्यात भिजवा आणि गोलाईने फक्त उंचवट्यावर फिरवा. पुन्हा मार्करची शाई, पुन्हा तपासणी. उंचवटा जेमतेम उरला की 1000, आणि शेवटी 2000. राखाडी ठिपका आणि क्रोम यांच्यामधली सीमा डोळ्याला दिसते पण नखाला लागत नाही, तिथे थांबायचं.

बाहेरच्या नळीचा पोचा

साध्या फोर्कचं बॉटम ओतीव आणि जाड असतं. त्याला मार बसला तर ते सहसा तडकतं, आणि तडकलेलं बॉटम बदलायचंच. पोचा येतो तो उलट्या फोर्कच्या वरच्या नळीला, कारण ती तुलनेने पातळ असते. बाहेरून किरकोळ दिसतो, पण आत तेवढाच फुगवटा असतो आणि बुश तिथे अडकतं. फोर्क दाबला की एका ठराविक जागी घसरण अडखळते, हे त्याचं लक्षण.

हा पोचा बाहेरून ओढून निघत नाही, आतून ढकलावा लागतो. लेथवर पोलादाचे किंवा पितळेचे तीन-चार गोल ठोकळे करून घ्या, प्रत्येक साधारण 50 ते 60 मिलिमीटर लांब, पुढचं तोंड निमुळतं, कडा गोल केलेल्या, अंग घासून गुळगुळीत. नळीचं आतलं माप पोच्यापासून दूर, चांगल्या जागी व्हर्नियरने दोन दिशांना घ्या. पहिला ठोकळा पोच्यातून जेमतेम जाईल एवढा. पुढचे 0.2 ते 0.3 मिलिमीटरने वाढत जाणारे. शेवटचा आतल्या मापापेक्षा 0.1 मिलिमीटरने कमी; त्याहून मोठा करण्याचा मोह टाळा, नाहीतर नळीच ताणली जाईल.

ठोकळ्याला मधून भोक पाडून लांब आट्यांचा रॉड घाला, नळीच्या तोंडावर जाड वॉशर ठेवा आणि नट फिरवून ठोकळा ओढा. हातोडीने ठोकण्यापेक्षा हे हळू होतं आणि हाताला जोर कळतो. आतून भरपूर ग्रीस. ठोकळा पोच्याखाली असताना पोच्याच्या बाहेरच्या कडेवर लाकडी हातोडीने हलके टोले द्या, मधे नाही. कडेवरचा ताण सुटला की मधला भाग आपोआप वर येतो. गॅसची ज्योत लावू नका. फोर्कच्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली असते आणि ज्योतीने ती जाते.

झाल्यावर चीर तपासा. जागेवर रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर तिच्यात गेलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली तर नळी भंगारात. नाही दिसली तर रॉकेल धुवून काढा, बुश आणि पाइप कोरडे आत घालून पूर्ण लांबी सरकवून बघा.

जोडणी

सील दोन्ही बाजूंची नवी घाला, एका बाजूचं गळालं असलं तरी. पाइपच्या तोंडाची धार नव्या सीलचा ओठ फाडते, म्हणून तोंडावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ओढा, तेलाचा हात लावा आणि सील तिच्यावरून सरकवा. सील बसवताना तिरकं जाऊ देऊ नका. योग्य मापाच्या प्लॅस्टिक पाइपने सगळीकडून सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण दिसली म्हणजे सील बसलं. तळाच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घाला.

तेलाचा प्रकार आणि माप मॅन्युअलमधलं, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना मोजतात. त्याआधी पाइप दहा-बारा वेळा वरखाली करून अडकलेली हवा काढा.

पाइप लिहून ठेवलेल्या उंचीला क्लॅम्पमध्ये बसवा. खालचा क्लॅम्प घट्ट करा, मग टोपी, मग वरचा. टॉर्क रेंच वापरा, कारण क्लॅम्पचे बोल्ट वाजवीपेक्षा आवळले तर नवा पाइपही लंबगोल होतो. चाक घातल्यावर एक्सलचा नट आवळा, पण एक्सल धरणारा बाजूचा छोटा बोल्ट सैल ठेवून, ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, गाडी स्टँडवरून उतरवा आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा खाली दाबा. दोन्ही पाय आपापली जागा घेतात. मग तो बोल्ट आवळा.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक लिव्हर कडक आहे ना ते पुन्हा बघा. डिस्क आणि पॅडजवळ तेलाचा मागमूस नाही याची खात्री करा. पाइप कोरड्या फडक्याने पुसा, पुढचा ब्रेक धरून वीस वेळा दाबा आणि दुरुस्त केलेल्या जागेवर पांढरा टिश्यू फिरवा. जेमतेम ओलसर डाग चालतो. गोल कडी उमटली तर सील तिरकं बसलंय किंवा काठ अजून उंच आहे. पहिली फेरी सावकाश मारा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तोच टिश्यू आणि तोच मोजा.